नवरा हात उगारत नाही, तरी हा छळच का?

प्रश्न : ताई, लग्नाला तीन वर्षं झाली. रविवारी मटण-रस्सा झाला की आम्ही दोघं थ्रिलर मालिका बघत बसतो. परवा 'क्रिमिनल जस्टिस : बिहाइंड क्लोज्ड डोअर्स' बघताना माझ्या हातापायांतलं बळच गेलं. त्यातल्या नवऱ्याला शिव्या घालत माझा नवरा म्हणाला, "कसली माणसं असतात बघ." माझं एटीएम कार्ड त्याच्याकडे असतं. नोकरीवरून यायला जरा उशीर झाला की लोकेशन मागतो. आईशी बोलायचं ते स्पीकरवर. मारलं मात्र एकदाही नाही. मालिका बघून माझंच डोकं फिरलंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुझं डोकं अगदी ठिकाणावर आहे. (पत्रातली गल्ली, नोकरी, माहेरचं गाव, ओळख पटेल असं सगळं मी काढलंय.)

२०२० च्या त्या मालिकेतला बिक्रम चंद्रा नामांकित वकील. बायको अनु त्याला सुरुवातीलाच भोसकते आणि घरात काय चाललं होतं ते मागाहून, हळूहळू उघडं पडतं. थ्रिलरवाल्यांना आधी रक्त लागतंच, त्याशिवाय प्रेक्षक बसत नाही. त्यामुळे पाळत, धाक, पैशांची कोंडी हे सगळं खुनाचं कारण म्हणून येतं आणि आपल्या मनात पक्कं बसतं की रक्त नाही तर गुन्हा नाही. तुझा नवरा बिनघोर शिव्या घालू शकतो तो त्यामुळेच. 'मी कुठं हात उचलतो?' असं त्याला खरंच वाटत असेल.

कायदा तसं मानत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच धरलाय. घर न सोडताही तुला संरक्षण मागता येतं. आणि आपल्या करवीर संस्थानात तर शाहू महाराजांनी १९१९ सालीच बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता, त्यामुळे 'हे नवीन फॅड' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

आता काय करायचं? नायिकेसारखं तोंडावर सुनावायला जाऊ नकोस. बायकोवरचा ताबा सुटतोय असं दिसलं की कधी हात न उचलणारा माणूसही बिथरू शकतो. 'बिग लिटल लाइज' या अमेरिकन मालिकेत समुपदेशक नवऱ्याचा मार खाणाऱ्या सेलेस्टला सांगते : गुपचूप घर भाड्यानं घे, कुणाला तरी खरं सांगून ठेव. सल्ला चोख आहे. पण नवऱ्याला त्या घराचा पत्ता लागतो तो तिच्या फोनमुळे. तुझाही फोन तुझा राहिलेला नाही, म्हणून त्यावर यातलं काही शोधू नकोस, हे पान उघडलं असेल तर हिस्टरीतूनही काढ.

आईला एकदा समोरासमोर भेटून सगळं सांग. आधार, पासबुक, शिक्षणाची सर्टिफिकेटं यांच्या झेरॉक्स तिच्याकडे ठेव. पगार तुझ्या एकटीच्या नावच्या खात्यावर वळवणं लगेच नको. ते त्याला पहिल्याच महिन्यात कळेल. आधी वकिलाशी बोल. कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं बाईला उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो. १८१ हा महिला मदत क्रमांक आहे, मैत्रिणीच्या फोनवरून लाव. अंगावर आलाच, तर वाट न बघता पोलिसांना ११२ वर फोन कर.

मला परत लिहिशील तेही मैत्रिणीच्याच फोनवरून.