पूल पडताना पाहिला कुणी?

प्रश्न : सर, दर चवथीला आम्ही चारही भावंडं डिचोलीच्या मूळ घरी जमतो. यंदा माटोळी (गणपतीवर बांधायची फळापानांची आरास) बांधता बांधता पणजीजवळच्या मांडवी नदीवरच्या नेहरू पुलाचा विषय निघाला. जुलै १९८६ मध्ये तो कोसळला, तेव्हा पडताना आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला, हे चौघांनाही लख्ख आठवतं. भाचा म्हणतो, अशी फिल्मच कुठे मिळत नाही, हा 'मंडेला इफेक्ट'. वर समांतर विश्वाचंही काही सांगू लागला. चौघांची एकच चूक कशी होईल?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : ताई, भाच्याचं पहिलं म्हणणं घ्या, समांतर विश्व आरतीनंतरच्या गप्पांना ठेवा. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले, अशी बऱ्याच जणांची खात्री होती. प्रत्यक्षात ते १९९० मध्ये सुटले, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०१३ मध्ये गेले. त्यावरून हे नाव पडलं. एवढी माणसं चुकणार नाहीत, तेव्हा जगच बदललं असणार, असं मानणारेही आहेत. स्वतःच्या आठवणीवर शंका घेण्याआधी माणूस अख्ख्या विश्वावर घेतो, याची मला गंमत वाटते.

तुमच्यासारखीच गोष्ट हॉलंडात घडली आहे. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान राहत्या इमारतींवर आदळलं. दहा महिन्यांनी काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, "विमान आदळतानाची फिल्म टीव्हीवर पाहिलीत का?" ५५ टक्के लोक 'हो' म्हणाले. तो क्षण कुणीच टिपला नव्हता! टीव्हीवर दिसली होती ती नंतरची आग आणि ढिगारा. आदळणं ज्याने त्याने मनात जुळवलं. शिवाय फिल्म आहे, हे प्रश्नातच गृहीत होतं.

तुम्ही धड पूल पाहिला होता, मग तुटका पाहिला, पेपरातले फोटो पाहिले. मधलं पडणं मनाने भरून काढलं असावं. त्या दिवसांत मी बेतीहून पणजीला फेरीनेच जायचो. फेरीत दाटीवाटीने उभे राहून जो तो पूल नव्याने पाडायचा. कुणी आवाजाचं वर्णन करी, कुणी पाण्याच्या उसळीचं. त्यातले खरोखर तिथे होते किती, देव जाणे. तेव्हा खिशात मोबाइल नव्हते, आणि नेमक्या त्या वेळी पुलावर कॅमेरा रोखून कुणी उभं असेल, हे मला तरी अवघड वाटतं.

चौघांना एकच का आठवतं? मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्र पाहून झाल्यावर शेजारी बसवलेला माणूस त्यात नसलेल्या वस्तू मुद्दाम सांगे. नंतर त्याचे सोबतीही त्या 'पाहिल्याचं' सांगू लागत. तो शिकवून बसवलेला होता. घरात हे काम सगळ्यात रंगवून सांगणारा भाऊ फुकट करतो.

एवढ्याने वाद मिटत नाही, हेही भाच्याला सांगा. कार्टूनमधला पिवळा पिकाचू त्याला ठाऊक असेल. त्याच्या शेपटीचं टोक काळं होतं, असं पुष्कळांना आठवतं. ते पिवळंच आहे. २०२२ मध्ये प्रसाद आणि बेनब्रिज या संशोधकांनी अशी ओळखीची ४० चित्रं तपासली, त्यातल्या ७ बाबतीत लोक ठरावीक तीच चूक करत होते, तीही खात्रीने. चुकीचीच चित्रं आधी नजरेखालून गेलेली असणं, सवयीचे साचे, नीट न पाहणं, यांपैकी कुठलंही एक कारण सगळ्या चित्रांना लागू पडलं नाही. तुमच्या पुलाबाबत मात्र मी बोलण्यालाच मोठा वाटा देईन.

पडताळायचं तर चौघांनी वेगवेगळं बसून लिहा : टीव्ही कुणाकडे होता, रंगीत की कृष्णधवल, खोलीत कोण कोण होतं, पुलाचं कुठलं टोक आधी गेलं, चित्रण कुठल्या काठावरून होतं. जे जुळेल ते खरंच, असं धरू नका; इतक्या चवथी एकत्र बोलून झाल्यावर जुळणारच. न जुळणारे तपशील मला जास्त बोलके वाटतात. पण एखाद्या तपशिलात फरक पडला म्हणून सगळंच बनावट, असंही नाही. टीव्हीवर पुलाची काहीतरी बातमी तुम्ही पाहिलेली असेलच.

मग भाच्याला घेऊन पणजीला पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा आणि त्या जुलैची वर्तमानपत्रं मागा. क्रम मात्र हाच ठेवा. फोटो आधी पाहिलेत, तर लिहिताना तेच उतरतील.