वाचकांचे प्रश्न : सासूबाईंची गाणी आणि पॉडकास्ट

प्रश्न : आमच्या सासूबाईंना कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, खूप गाणी येतात, सगळी अहिराणीत. मोबाइलचा कॅमेरा धरला की त्या लाजून गप्पच होतात. मुलगा म्हणतो पॉडकास्ट कर. म्हणजे नक्की काय करायचं आणि खर्च किती येतो?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, मुलगा बरोबर बोलतोय. पॉडकास्टात नुसता आवाज चालतो, कॅमेऱ्याची गरजच नाही. २००४च्या सुमाराला हा प्रकार सुरू झाला. रेडिओसारखंच, पण ठरलेली वेळ नसते, ज्याला जेव्हा ऐकायचं तेव्हा ऐकावं, आणि एकदा डाउनलोड केलं की नेट नसलं तरी चालतं, म्हणजे सुरतेला राहणारे आपले लोक भुसावळ पॅसेंजरमध्ये बसून नंदुरबार येईपर्यंत आरामात ऐकतील.

रेकॉर्डिंगला साधा मोबाइल पुरतो. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि तोंडापासून वीतभर लांब. खोली अशी निवडा जिथे गोधड्या, गाद्या रचलेल्या असतील, कारण रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि मग ऐकवत नाही. आणि नुसतं गाणं नको हं, आधी सासूबाईंना बोलतं करा, रोट (कानबाईचा नैवेद्य) कसे करतात, हे गाणं कुणाकडून शिकल्या, विसर्जनाला कोणतं म्हणतात. माझ्या मते खरी मजा त्या गप्पांतच असते. त्या अहिराणीत बोलतील तर बोलू द्या, उगाच शुद्ध मराठी करायला लावू नका.

कापाकापीला कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे. मग फाइल पॉडकास्ट होस्टिंगवर, म्हणजे भाग ठेवायच्या ऑनलाइन जागेवर चढवायची, स्पॉटिफायचं फुकट आहे. तिथून आरएसएस फीड नावाची एक लिंक मिळते, ती ॲपल वगैरे ॲपवाल्यांना एकदाच द्यायची, नंतरचे भाग आपोआप पोचतात. जुन्या व्हिडिओंत गूगल पॉडकास्ट्स सांगतात, ते २०२४ला बंद झालं, त्याच्या नादी लागू नका. फाइल सेव्ह करताना एमपीथ्री निवडून मोनो (एकेरी आवाज) आणि ६४ केबीपीएस (आवाजाचा दर्जा, जितका कमी तितकी फाइल लहान) ठेवलं तर २० मिनिटांचा भाग साधारण १० एमबीत बसतो, ऐकणाऱ्याचा डेटा वाचतो. मूळ रेकॉर्डिंग मात्र पेनड्राइव्हवर वेगळं ठेवाच.

मागे सिनेमाचं म्युझिक लावू नका, कॉपीराइटची भानगड होते. आणि सासूबाईंना आधी नीट विचारा, एखादं गाणं घराबाहेर जाऊ नये असं त्यांना वाटलं तर ते फक्त रेकॉर्ड करून घरात ठेवा.