मुरमांची गोळी, गांजा आणि चुकलेली पाळी

प्रश्न : वय २७. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन २० मिलिग्रॅम रोज, चार महिने झाले. पाळी आठ दिवस चुकली आणि काल घरच्या टेस्टवर दोन रेघा उमटल्या. मळमळ थांबेल म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून दोनदा गांजा ओढला. आता काय करू?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : गोळी आजच बंद करा. ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागत नाही. पाळी नियमित असेल, तर तुमचा सहावा आठवडा सुरू आहे. बाळाचं हृदय, मेंदू, कान याच दिवसांत घडतात आणि ही गोळी नेमका तिथेच घाव घालते. गोळी पोटात गेलेली असताना जन्मलेल्या बाळांपैकी साधारण २० ते ३५ टक्के बाळांत गंभीर व्यंग आढळतं. गर्भ आपोआप पडण्याचा धोका वेगळाच. 'डोस कमी होता' हा दिलासा नाही, कारण सुरक्षित असा डोसच नाही.

म्हापशातल्या किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा. गोळ्यांची स्ट्रिप न्या, शेवटच्या पाळीची आणि शेवटच्या गोळीची तारीख कागदावर लिहून न्या. गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय तुमचा. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर कायदेशीर गर्भपात होतो. ठेवलात, तर १८ ते २० आठवड्यांना सविस्तर सोनोग्राफी आणि बाळाच्या हृदयाची इको करून घ्या. सोनोग्राफीत बाळाच्या बुद्धीवरचा परिणाम मात्र दिसत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

गांजाचं म्हणाल, तर दोनदा ओढल्याने घाबरून जाऊ नका, पण आता पूर्ण बंद. त्यातला नशेचा घटक वारेतून बाळाकडे जातो. नेहमी घेणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची होण्याची शक्यता वाढते. मळमळीला तो उपाय नव्हेच. रोज ओढणाऱ्यांना उलट त्यानेच उलट्या लागतात. भांग किंवा गांजा घातलेला केकही चालणार नाही. मळमळीसाठी डॉक्टरांकडून डॉक्सिलामिन-पायरिडॉक्सिन घ्या. आणि डॉक्टरांपासून गांजा लपवू नका!

मुरमांवर आता ॲझेलाइक ॲसिडचं क्रीम चालेल. ॲडापलीन, ट्रेटिनोइनची मलमं बाजूला ठेवा. डॉक्सिसायक्लिनही नको, ते पुढे बाळाच्या दातांना डाग पाडतं. उरलेल्या गोळ्या धाकट्या बहिणीला देऊ नका, आणि शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्तदानही नको. ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढू शकतं.