जर्मनीत पीएच.डी.: केमिस्ट्री, आर्किटेक्चर, मेकॅनिकल आणि चित्रकला यांचे वेगवेगळे हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचं मुंबईत ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालंय, नवरा बी.आर्क. करून ऑफिसात काम करतोय, धाकटी बहीण चित्रकलेचं पदव्युत्तर शिक्षण संपवतेय. तिघांनाही जर्मनीत संशोधन करायचंय. मेकॅनिकलवाला मित्र तिथे पूर्ण पगारावर पीएच.डी. करतोय, तुम्हाला मात्र जाहिरातींत ६५ टक्केच दिसतात, नवऱ्याला जागाच सापडत नाहीत आणि बहिणीच्या मेलला कुणी उत्तर देत नाही. असं का, आणि आधी कुणी जावं?

आधी तुम्ही जा, आणि स्कॉलरशिपवर नाही, पगारी कॉन्ट्रॅक्टवर जा. नवऱ्याने तुमचा जोडीदार म्हणून यावं. कारणं पुढे येतीलच.

भारतात पीएच.डी. म्हणजे प्रवेशपरीक्षा, मुलाखत, नोंदणी आणि फेलोशिप. इथे जर्मनीत बहुतेक ठिकाणी तसा प्रवेश नसतो. प्रोफेसर स्वतःच्या गटात माणूस नेमतो. विद्यापीठ तुम्हाला सरकारी वेतनश्रेणीवर ठराविक मुदतीची नोकरी देतं आणि त्याच कामातून प्रबंध उभा राहतो. फॅकल्टीकडे डॉक्टरेटसाठी नाव नोंदवणं हा वेगळा अर्ज असतो, तो सहसा रुजू झाल्यावर करतात. त्यामुळे रँकिंग बघून विद्यापीठ निवडण्यापेक्षा गट निवडणं महत्त्वाचं. माक्स प्लांक या विद्यापीठाबाहेरच्या संशोधन-संस्थांतही पगार संस्था देते, पण पदवी विद्यापीठच देतं, हेही ध्यानात असू द्या.

पगार टीव्ही-एल या राज्य सरकारी नोकरांच्या वेतन-करारातल्या ई १३ श्रेणीचा असतो. हेसन राज्याचा करार वेगळा आहे, आकडे जवळपासचेच. २०२५ साली पहिल्या पायरीवर पूर्ण जागेला महिना साधारण ४,६०० युरो मिळत होते, कर आणि विमा कापायच्या आधी. अविवाहित माणसाच्या हातात २,८०० च्या आसपास येतात. ६५ टक्के जागेचे ३,००० होतात, हातात २,०५० ते २,१००. नोव्हेंबरच्या पगारासोबत वार्षिक बोनस येतो. कॉन्ट्रॅक्ट ६५ टक्क्यांचं असलं तरी प्रयोगशाळेत दिवस पूर्णच जातो, ही अपेक्षा धरूनच चला. उरलेला वेळ तुमच्या प्रबंधाचा, असा त्यामागचा हिशेब असतो.

आता मित्राला पूर्ण पगार का? मेकॅनिकलमध्ये मास्टर्स झालेल्या माणसाला इथला उद्योग लगेच चांगल्या पगारावर उचलतो, म्हणून संस्थांना तेवढे पैसे मोजावेच लागतात. बदल्यात तो प्रोजेक्ट चालवतो: कंपन्यांशी बैठका, अहवाल, यंत्रांची खरेदी, विद्यार्थ्यांचे प्रबंध. यातलं बरंचसं काम जर्मन भाषेत असतं. प्रबंध मागे पडत जातो आणि पाच वर्षं सहज लागतात. केमिस्ट्रीत परिस्थिती उलटी आहे. इथले बहुतेक केमिस्ट मास्टर्सनंतर डॉक्टरेट करतातच, कारण उद्योगात संशोधनाच्या जागेसाठी ती धरलेलीच असते. माणसं भरपूर, म्हणून जागा अर्ध्या किंवा दोन-तृतीयांश. पण काम थेट प्रबंधाचंच असतं, त्यामुळे साडेतीन ते चार वर्षांत सुटका होते. दोन्ही बाजू मांडल्या तर मित्राचा सौदा वाटतो तितका सरस नाही.

केमिस्ट्रीचा अर्ज कसा करायचा ते नीट सांगायला हवं, कारण बहुतेक मेल इथेच मरतात. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली मोटिव्हेटेड’ अशी एकच मेल पन्नास जणांना पाठवली की ती न वाचता जाते. जाहिरात असेल तर तिचा क्रमांक विषयात लिहा आणि सगळं एकाच पीडीएफमध्ये जोडा: एक पानी पत्र, दोन पानी सीव्ही, मार्कशीट, एम.एस्सी. प्रोजेक्टचा एक पानी सारांश, दोन प्राध्यापकांचे ईमेल. सीव्हीत ‘सिंथेसिस’ एवढंच लिहून भागत नाही. श्लेंक लाइनवर (हवा लागू न देता प्रयोग करायची काचेची जोडणी) स्वतः काम केलंय का, की नायट्रोजनच्या फुग्यावर? ग्लव्हबॉक्स वापरलाय का? कॉलम किती ग्रॅमपर्यंत चालवलाय? एनएमआर (रेणूची रचना ओळखायचा स्पेक्ट्रम) स्वतः सोडवता, की नमुना देऊन रिपोर्ट घेता? हे तंतोतंत लिहा. मुलाखतीत बहुधा तुमच्याच प्रोजेक्टवर वीस मिनिटं बोलायला लावतात आणि मग एखाद्या स्पेक्ट्रमवर बोट ठेवून ‘हा पीक कुठून आला?’ असं विचारतात. तिथे अशुद्धी असेल तर अशुद्धी म्हणा. विद्रावक राहिला असेल तर तसं सांगा. झाकायला गेलात की लगेच कळतं.

ऑफर आली की सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. पहिलं कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, आणि एका वर्षाचं असेल तर पुढचं कशावर ठरणार? सेमिस्टरला किती तास विद्यार्थ्यांचं प्रॅक्टिकल सांभाळायचं? आणि तिसरी, जी जवळपास कुणीच विचारत नाही: मुदतीचा कायदेशीर आधार कोणता? विद्यापीठांतल्या मुदतीच्या नोकऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे. त्याच्या कलम २, पोटकलम १ खाली कॉन्ट्रॅक्ट असेल तर बाळंतपणाची आणि पालकत्वाची रजा मुदतीत वाढवून मिळते. पोटकलम २ म्हणजे बाहेरच्या निधीवरचा प्रोजेक्ट, तिथे हा हक्क नाही: प्रोजेक्ट संपला की कॉन्ट्रॅक्ट संपलं. केमिस्ट्रीत याला जास्त वजन आहे, कारण गरोदरपण कळवलं की घातक रसायनांचं काम कायद्याने बंद होतं आणि प्रयोग तिथेच थांबतात. डॉक्टरेटच्या आधी अशा नोकरीची पोटकलम १ खालची एकूण मर्यादा सहा वर्षं आहे.

भाषेचं म्हणाल तर गट इंग्रजीत चालतो. पण काचेची उपकरणं करून देणारा ग्लासब्लोअर, रसायनांचा भांडारवाला, सुरक्षेचं दरवर्षीचं प्रशिक्षण, फ्यूमहूडशेजारी लावलेल्या सूचना, हे सगळं बऱ्याच ठिकाणी जर्मनमध्ये. निघण्याआधी जर्मनची ए२ पातळी करून या (पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात). पुण्यात किंवा मुंबईत माक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटही आहे. बी१ इथे येऊन पूर्ण करा, ते पुढे कायमच्या परवान्याला लागतं.

तुमच्या नवऱ्याचं. आर्किटेक्चरमध्ये पगारी जागा मुळात कमी असतात, आणि ज्या असतात त्या बऱ्याचदा स्टुडिओ शिकवण्यासाठी, म्हणजे जर्मनमध्ये. अपवाद आहे तो बांधकाम-संशोधनाचा. श्टुटगार्टला फ्राय ओटोंनी १९६४ मध्ये हलक्या रचनांची संस्था सुरू केली. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक स्टेडियमचं तंबूसारखं छत त्यांच्या कामातूनच आलं. ती परंपरा आजही जिवंत आहे. तिथल्या दोन संस्थांनी मिळून रोबोटने काच आणि कार्बनचे धागे विणून मंडप उभे केलेत, आणि संगणकीय रचना व बांधकाम यांवरचा एक मोठा संशोधन-समूह २०१९ पासून चालू आहे. अशा ठिकाणी आर्किटेक्ट, सिव्हिलवाले आणि रोबोटिक्सवाले एकत्र बसतात, कामकाज इंग्रजीत होतं आणि पदवी डॉ.-इंज., म्हणजे इंजिनिअरिंगची डॉक्टरेट, मिळते. पण तिथे सुंदर रेंडरवर निवड होत नाही. राइनो आणि ग्रासहॉपर ही डिझाइनची सॉफ्टवेअर, थोडं पायथन प्रोग्रामिंग आणि प्रत्यक्ष हाताने बांधलेला एखादा नमुना लागतो: जोड कसा केला, कुठे तुटला, मग काय बदललं.

त्याची खरी अडचण वेगळी आहे. बी.आर्क. पाच वर्षांचं असलं तरी नावाने बॅचलरच आहे, आणि डॉक्टरेटला साधारणपणे मास्टर्स मागतात. फक्त बी.आर्क. वर चालेल का, हे प्रोफेसर नाही, फॅकल्टीची समिती ठरवते. तिच्याकडून ईमेलवर उत्तर घेतल्याशिवाय पुढचे पैसे खर्च करू नका. दुसरं म्हणजे डॉक्टरेट झाली तरी ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद आपोआप मिळत नाही. ते राज्याच्या आर्किटेक्ट चेंबरकडे नोंदणी झाल्यावरच लावता येतं. त्याशिवाय ऑफिसात नोकरी मात्र करता येते, आणि मला त्याच्यासाठी हाच रस्ता बरा दिसतो. जर्मन बी२ पर्यंत नेणं आणि आर्किटेक्टच्या इथल्या मानधन-नियमावलीतले कामाचे नऊ टप्पे समजून घेणं, एवढ्यावर दारं उघडतात. संशोधन मग दोन वर्षांनी, इथली कामं हातात घेऊन.

बहिणीला उत्तर येत नाही याचं कारण बहुधा हे असावं: बऱ्याच कला महाविद्यालयांत चित्रकाराला स्वतःच्या कामावर डॉक्टरेट करायची सोयच नसते. तिथे पदवीनंतर ‘माइस्टरश्यूलर’ म्हणून एखाद्या प्रोफेसरकडे वर्ष-दोन वर्षं काम करतात. ते मानाचं आहे, पण पीएच.डी. नव्हे. कुणी एजंट तसं विकत असेल तर ऐकू नका. तिने दोन ठिकाणं आधी बघावीत. वायमारच्या बाउहाउस विद्यापीठात कला आणि डिझाइनमध्ये पीएच.डी. आहे, जिथे कलाकृती आणि लेखी प्रबंध दोन्ही धरतात. हाम्बुर्गच्या कला महाविद्यालयात कलावंतांसाठी स्वतंत्र डॉक्टरेट आहे. दोन्हीकडे सगळा भार आराखड्यावर असतो. पाच ते दहा पानं: प्रश्न काय, यावर आधी कुणी काय केलंय, स्वतःची चित्रं त्या प्रश्नाला कशी भिडतात, वेळापत्रक, संदर्भ. ‘भारतीय परंपरा आणि आधुनिकता’ हा प्रश्न नव्हे. एखाद्या रंगद्रव्याचं, कागदाचं, गावातल्या भिंतीवरच्या चित्रांच्या एका पद्धतीचं नेमकं काही असेल तर वाचणारा थांबतो. पगाराची आशा मात्र कमीच धरावी. डाड (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) किंवा राजकीय पक्षांच्या जवळच्या फाउंडेशनांची स्कॉलरशिप हा मुख्य आधार, आणि त्या फाउंडेशनांना सहसा चांगलं जर्मन लागतं.

कागदपत्रांत पहिलं काम म्हणजे आनाबिन या सरकारी यादीत आपलं विद्यापीठ ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का ते पाहणं. मग गुणांचं रूपांतर. इथे १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल वजा पासिंगने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. सीजीपीए ८.२, कमाल १०, पासिंग ४ असेल तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. पासिंग ५ धरलं तर तेच २.१ होतं. म्हणून पासिंग किती ते दाखवणारं मार्कशीटच्या मागच्या बाजूचं पानही स्कॅन करून जोडा, नाहीतर समोरचा आपल्या अंदाजाने आकडा धरतो.

अपोस्टिलवर, म्हणजे कागदपत्रं परदेशात चालावीत म्हणून मिळणाऱ्या शिक्क्यावर, पैसे घालवू नका. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत आक्षेप नोंदवलेला असल्याने दोन देशांमध्ये अपोस्टिल चालत नाही. लग्नाचा दाखला तपासायचा असेल तर जर्मन दूतावासाची पडताळणीची पद्धत वेगळी आहे, तिला वेळ लागतो. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि पदवी यांवर तुमचं नाव एकसारखं आहे का, हे आजच पाहा. लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, यातच महिने जातात.

आता परवाना, जिथे पगारी कॉन्ट्रॅक्टचा खरा फायदा दिसतो. नोकरीवर आलात तर इथल्या निवास-कायद्याच्या कलम १८डी खाली संशोधक म्हणून परवाना मिळतो. त्यासाठी संस्थेकडून यजमानपदाचा करार लागतो, तो मिळाल्याशिवाय व्हिसाची तारीख घेऊ नका. संशोधकाच्या जोडीदाराला येण्याआधी ए१ परीक्षेची अट नाही आणि आल्यावर कुठलीही नोकरी करायची मुभा आहे. मित्राला ब्लू कार्ड (जास्त पगाराच्या उच्चशिक्षितांचा निवास-परवाना) मिळालं ते पगारामुळे: २०२५ ची मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती, पूर्ण ई १३ त्यात बसतं, ६५ टक्के बसत नाही. पण १८डी वरही तीन वर्षं झाली, ३६ महिने पेन्शनचे हप्ते भरले आणि बी१ झालं की कायमच्या परवान्याचा अर्ज करता येतो. स्कॉलरशिपवर पेन्शनचे हप्ते जातच नाहीत, त्यामुळे ती वर्षं या हिशेबात धरली जात नाहीत. शिवाय डॉक्टरेटवाल्यांना विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्यविमा लागू नाही. नोकरीत विमा पगारातून आपोआप जातो आणि न कमावणारा जोडीदार त्यात फुकट येतो.

राहायचं ठिकाण शोधताना न पाहिलेल्या घराचे पैसे आधी पाठवू नका. मालक परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल, असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. डिपॉझिट कायद्याने हीटिंग वगैरे सोडून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिप्पटीच्या वर नसतं. विद्यापीठाच्या गेस्टहाउसला कॉन्ट्रॅक्ट हातात येताच लिहा. ६५ टक्क्यांत दोघांचं श्टुटगार्ट किंवा म्युनिकला ओढाताणीचं होतं, ड्रेस्डेन, हाले, येना अशा ठिकाणी नीट निभतं, आणि केमिस्ट्री तिथेही उत्तम आहे.

घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, म्हणून तात्पुरतं घर घेतानाही ‘नोंदणी करू द्याल का’ हे आधी विचारा. नोंदणीनंतर कर-क्रमांक टपालाने येतो. तो पगारविभागाला वेळेत पोचला नाही तर सर्वांत जड अशा सहाव्या करवर्गाने कर कापतात. पैसे नंतर परत मिळतात, पण पहिल्याच महिन्यात, डिपॉझिट भरायच्या वेळी, हातात फार कमी येतं. नवऱ्याची नोंदणी झाली की दोघांचा करवर्ग बदलून घ्या. तो कमवत नसेल तोवर तुम्ही तिसरा आणि त्याने पाचवा घेतला तर तुमच्या हातात दरमहा बरीच जास्त रक्कम येते.