जुन्या मासिकांतले जपानबाहेर न गेलेले आरपीजी: सुरुवात कशी करावी

स्वागत! त्या काळी जपानबाहेर न गेलेल्या आरपीजींबद्दल (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम) जुन्या गेम-मासिकांत काय छापून आलं ते शोधायचं, हे आपलं काम. आधी एकच गेम निवडा. दहा गेमची यादी घेऊन बसलात तर महिनाभरात कंटाळाल. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ घ्या: सुपर फॅमिकॉमवर (निन्टेन्डोचा गेम कन्सोल) जपानमध्ये सप्टेंबर १९९५ ला आला, अधिकृत इंग्रजी आवृत्तीला थेट २०१९ उजाडलं. प्रकाशनाआधीचे तीन-चार महिने आणि नंतरचा एक, एवढेच अंक चाळा. सुरुवातीला तेवढं पुष्कळ.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- नाव. त्या काळच्या अमेरिकन मासिकांत हाच गेम ‘सीक्रेट ऑफ माना २’ म्हणून सापडतो. इंग्रजी आणि जपानी लिपीतली सगळी नावं आधी लिहून ठेवा, नाहीतर शोध रिकामा येईल.
- तारीख. मुखपृष्ठावरचा महिना म्हणजे विक्रीचा महिना नव्हे. अंक आधीच बाजारात येई, आणि मजकूर त्याहूनही आधी लिहिलेला असे. जपानी अंकावर हेइसेइ (जपानी कालगणनेतलं) वर्ष असेल तर त्यात १९८८ मिळवा: हेइसेइ ७ म्हणजे १९९५.
- ‘लवकरच येत आहे’. हे वाचून इंग्रजी आवृत्ती ठरली होती आणि मग रद्द झाली असं ठरवू नका. कित्येकदा ती निव्वळ संपादकांची आशा असते! प्रकाशकाचं नाव आणि तारीख दिली असेल तरच गांभीर्याने घ्या.
- चित्रं. पूर्वपरीक्षणातली चित्रं बरेचदा अपूर्ण आवृत्तीची असतात. फरक दिसला की लगेच ‘गुप्त भाग सापडला’ म्हणू नका.

‘फामित्सू’ या जपानी गेम-नियतकालिकाचे गुण चार समीक्षकांचे, प्रत्येकी १० पैकी, ३० म्हणजे ४० पैकी ३०. जपानी येत नसेल तर मोबाइलने भाषांतर चालेल, पण पूर्ण पानाचा फोटो नको, एकेक चौकट कापून द्या. उभ्या ओळींत त्याचा गोंधळ होतो.

प्रत्येक नोंदीला मासिक, अंक, पान क्रमांक लगेच लिहा. स्कॅनिंगचं नंतर बघू.