निकाल रद्द झाला, आता कोर्टात जाता येईल का?

जूनमध्ये कळव्याहून एक आई आपल्या मुलीला घेऊन ठाण्यात नौपाड्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात आली. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची. परीक्षेत तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली, पर्यवेक्षकांनी छापील फॉर्मवर तिची सही घेतली आणि पुढे सर्व विषयांचा निकाल रद्द करून पुढच्या परीक्षेलाही बसू न देण्याचे पत्र आले. चार दिवस ती धड जेवली नव्हती, म्हणून पहिली भेट आम्ही केवळ तिच्या झोपेवर आणि भीतीवर घालवली. निघताना आईने विचारले, "मॅडम, युनिव्हर्सिटीने ठरवलं म्हणजे संपलंच ना? कोर्ट त्यात लक्ष घालतं का?"

निकालाच्या दिवसांत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. लक्ष घालते, मात्र पालकांना वाटते त्या अर्थाने नव्हे. राज्य विद्यापीठ ही सार्वजनिक संस्था असल्याने तिच्या निर्णयाविरुद्ध संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे अशा संस्थेला आदेश देण्याची मागणी, करता येते. पण न्यायाधीश उत्तरपत्रिका हाती घेऊन गुण वाढवून देत नाहीत. महाराष्ट्राच्याच परीक्षा मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली स्पष्ट केले की नियमांत तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हा हक्क म्हणून मागता येत नाही आणि शैक्षणिक बाबतींत तज्ज्ञांच्या मताला मान द्यावा. निर्णय कसा घेतला गेला, नियम पाळले का, विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकले का, हे मात्र न्यायालय तपासते. गैरप्रकाराच्या आरोपावरून निकाल रद्द करण्यापूर्वी विद्यार्थ्याला बाजू मांडू दिली पाहिजे, हे तर 1962 पासूनचे सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे आहे.

दुसऱ्या भेटीत मी मुलीला ते पत्र मोठ्याने वाचायला सांगितले. घड्या घालून घालून कागद मधोमध फाटत आला होता. "संधी देऊनही आपण समितीसमोर हजर राहिला नाहीत," या ओळीवर ती थांबली आणि म्हणाली, "मला कधी बोलावलं?" सुनावणीची नोटीस दिव्याच्या जुन्या भाड्याच्या घरी गेली होती, पत्ता बदलल्याचे तिने कॉलेजला कळवले होते आणि त्या अर्जाची शिक्का असलेली पोच आईच्या पिशवीत निघाली. माझ्या मते सगळे प्रकरण त्या पोचेवर उभे होते, चिठ्ठी कोणाची यावर नव्हे.

तरीही थेट फोर्टला उच्च न्यायालयात धावू नका, असे मी सुचवले, कारण तक्रारीची उपलब्ध वाट वापरली का, हे तिथे विचारले जातेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो न पटल्यास 15 दिवसांत लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरील अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येते. ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला शेजाऱ्यांनी दिला होता, पण परीक्षा घेणे ही ग्राहकाला दिलेली सेवा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच म्हटले आहे. वकिलाच्या फीची चिंता होती, तेव्हा महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सेवा मिळते हे सांगून मी त्यांना ठाणे न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले. दिवस घालवू नका, हे मात्र पुन्हा पुन्हा बजावले, कारण विनाकारण उशीर झालेल्या याचिकेकडे न्यायालय सहानुभूतीने पाहत नाही.

तक्रारीचा अर्ज मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि सोबत पोच जोडली. न्यायालयात जावे लागले नाही. समितीने नव्याने सुनावणी ठेवली आणि अखेर त्या एका विषयापुरताच निकाल रद्द राहिला. सुनावणीहून परतल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा निकालाविषयी तिला काहीच ठाऊक नव्हते. ती एवढेच सांगत होती की, त्या बाकावर सकाळच्या सत्रात कोण बसले होते, हे आज पहिल्यांदा कोणीतरी विचारले.