चाड्यावरची मूठ

पैठण,
रविवार

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी धड काही बोललो नाही. तुझा आवाज भरून आला होता आणि मागे कॅम्पातल्या पोरांचा गलका चालू होता. "आप्पा, मला सिंगलमधून काढून क्वाडमध्ये टाकलं," एवढंच म्हणालास. तो 'टाकलं' शब्द दोन दिवस मनात सलतोय, म्हणून लिहायला बसलो. असल्या गोष्टी फोनवर होत नाहीत.

तुला टाकलेलं नाही. चौघांत घेतलंय. परदेशातल्या रेगाटात, म्हणजे वल्ह्यांच्या बोटींच्या शर्यतींत, भारताची चार जणांची बोट उतरणार आणि तिच्यात तीन नंबरच्या सीटवर नाथसागराच्या काठचं पोरगं बसणार. तुझ्या बापाने हे ऐकलं तेव्हा तो जाळं तसंच हातात धरून बराच वेळ उभा होता. तो तुला सांगायचा नाही, म्हणून मी सांगतो.

तुला एकट्याची बोट का आवडते ते मला कळतं. बापाच्या होडीत तू एकटाच वल्हं मारत मोठा झालास. दमलास तर थांबलास, वाटलं तर जोर लावलास. सिंगलही तशीच, जिंकलं तर आपलं, हरलं तर आपलं. त्यात एक सुख आहे, मी नाही म्हणत नाही. पण २०१८ साली पालेमबांगच्या आशियाई खेळांत काय झालं ते तुला नीट माहीत असायला हवं. तुमच्या कॅम्पात तिथल्या क्वाडच्या सुवर्णपदकाचा फोटो दाखवतात, आदल्या दिवसाचं कुणी सांगत नाही.

दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. बापाबरोबर विहिरी खोदणारा पोरगा २०१२ साली फौजेत गेला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. चारच वर्षांनी तो रिओ ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या शर्यतीत, होता आणि तेरावा आला. २०१६ चं ते साल आपल्याला कसं गेलं ते तुला आठवत नसेल, तू लहान होतास. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इकडे धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या आणि तिकडे विहिरी खोदणारा एक मराठी माणूस जगातल्या सगळ्यात मोठ्या पाण्यावर बोट चालवतोय! त्या वर्षी मी ठरवलं की काठावरच्या पोरांना वल्हं धरायला शिकवायचं. तू त्यातला आहेस.

तर २०१८ च्या आशियाई खेळांत हाच दत्तू एकट्याच्या अंतिम शर्यतीत सहावा, म्हणजे शेवटचा आला. तब्येत साथ देत नव्हती. स्वर्ण सिंग आणि ओमप्रकाश दोघांच्या बोटीत चौथे आले, पदक हुकलं. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, हे तिघे आणि सुखमीत सिंग एका बोटीत बसले आणि ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत सुवर्ण घेऊन आले. इंडोनेशिया दुसरा, थायलंड तिसरा. एका रात्रीत कुणाच्या दंडात नवं बळ येत नाही, लेकरा. हारलेली माणसं एकमेकांच्या मागे बसली आणि एका ठेक्यावर चालली, बस.

हा ठेका म्हणजे काय, ते मला फौजेत कुणी शब्दांत सांगितलं नव्हतं. मला ते आईमुळे कळलं, तेही फार उशिरा. आमच्याकडे तिफणीने पेरणी व्हायची. वडील बैल हाकायचे आणि आई मागून चालत चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या दाणे सोडायच्या वाडग्यावर, मूठ धरायची. मुठीतून दाणे सोडायचे ते असे, की तिन्ही नळ्यांतून सारखे खाली जावेत. मूठ सैल सुटली की दाट पडायचं, आवळली की रान मोकळं राहायचं. पेरताना काही दिसत नाही. आठ दिवसांनी उगवून आलं की सगळ्या शिवाराला दिसतं कुणाचा हात कसा चालला होता ते. आई मुठीकडे कधी बघायची नाही. ती बैलांच्या पायांकडे बघायची आणि बैल चालतील तशी मूठ आपोआप सुटत राहायची.

तुझी तीन नंबरची सीट अशीच आहे. तुझ्यापुढे स्ट्रोकची, म्हणजे ठेका धरणाऱ्या गड्याची पाठ, तुझ्यामागे दोन नंबर आणि बो, म्हणजे बोटीच्या टोकाचा गडी. आपल्या वल्ह्याच्या पात्याकडे बघू नकोस. पातं पाण्यात नीट गेलं का हे बघायला मान वळवलीस की खांदा वळतो, खांदा वळला की बोट त्या बाजूला झुकते आणि बाकी तिघांचे हात अडकतात. स्ट्रोकच्या पाठीवर बनियनची शिवण असते, तिथे नजर ठेव. तो स्लाइडवर, म्हणजे सीटच्या रुळावर, पुढे सरकायला लागतो त्याच्या आधी त्याचे खांदे सैल होतात. ते तुला दिसायला लागलं की समज, तू क्वाडमध्ये बसलास. तोवर तू नुसता त्याच्या मागे बसलेला असतोस.

आणि वल्हं ओढून झाल्यावर स्लाइडवर परत येताना घाई करू नकोस. सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. क्वाडची बोट नियमाप्रमाणे कमीत कमी ५२ किलो असते आणि तिच्यात तुम्ही चौघे मिळून साडेतीनशे किलोच्या घरात. एवढं वजन स्लाइडवर धावत गेलं आणि पायाच्या फळीवर आदळलं तर बोटीला मागे लाथ बसते. ओढताना जे कमावलं ते तिथेच जातं. ओढायचं जोरात, परतायचं मुंगीच्या पावलांनी. दोन हजार मीटरमध्ये सव्वादोनशेच्या आसपास स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याचे फटके, पडतात. प्रत्येक स्ट्रोकला बोटभर घाई केलीस तर शेवटी किती झालं त्याचा हिशेब तूच कर.

हे मी उगाच सांगत नाही. हैदराबादला हुसेनसागरावर एका राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी. मी तीन नंबरलाच होतो. पंधराशे मीटरला आम्ही तिसरे होतो, पदक दिसत होतं. मला वाटलं स्ट्रोक मागे पडतोय, माझ्यात अजून दम आहे. म्हणून मी त्याच्या आधी पाण्यात जायला लागलो. पाच-सहा स्ट्रोक झाले असतील. डावं पातं तिरकं घुसलं, पाण्याने धरलं आणि वल्ह्याची मूठ माझ्या बरगडीवर आली. बोट जागच्या जागी थांबल्यासारखी झाली. आम्ही पाचवे आलो. काठाला लागल्यावर कुणी मला एक शब्द बोललं नाही. बो सीटचा गडी गुपचूप वल्ही उचलून घेऊन गेला. त्याची ती शेवटची स्पर्धा होती, हे मला संध्याकाळी जेवताना कळलं. अजून त्याच्या डोळ्याला डोळा देताना मला जड जातं. माझा दम खोटा नव्हता, पण तो माझ्या एकट्याचा होता.

बाकी थोडं कामाचं.

हातांची काळजी घे. दोन्ही वल्ह्यांच्या मुठी एकमेकांवरून जातात तिथे डावा हात वर, उजवा खाली, हे तुझं पक्कं आहे. पण क्वाडचा वेग जास्त, त्यामुळे डाव्या हाताची नखं उजव्या हाताचे सांधे सोलून काढतील. नखं रोज काप. फोड आले तर कातडं ओढू नकोस. फारच टरारला तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढ, कातडं तसंच राहू दे. अंगठा मुठीच्या टोकावरच हवा.

रिगरचे, म्हणजे बोटीबाहेर वल्हं धरणाऱ्या दांड्यांचे, नट प्रत्येक वेळी स्वतः आवळ. दुसऱ्याने आवळलेत असं कुणी म्हणालं तरी हात लावून बघ.

सुरुवातीला 'अटेंशन' म्हणतात, लाल दिवा लागतो आणि हिरवा झाला की आवाज येतो. बाजूच्या बोटीकडे बघत बसलास तर अर्धा स्ट्रोक गेला. हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, मागे पडलात आणि त्या स्पर्धेत रेपेचाज, म्हणजे मागे पडलेल्यांसाठी दुसऱ्या संधीची फेरी, असेल, तर तिथून पुढे जाता येतं. त्या रात्री नीट जेव आणि झोप, दिवसभराचा हिशेब काढत जागत बसू नकोस.

घड्याळावरून एकमेकांना बोलू नका. २०२१ साली टोकियोत नेदरलँड्सच्या चौघांनी ५ मिनिटं ३२.०३ सेकंदांत ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, ती जगातली सर्वोत्तम वेळ. त्या दिवशी वारा पाठीवर होता. पालेमबांगचं सुवर्ण त्याहून ४५ सेकंदांनी उशिरा आलं, म्हणून ते काही कमी झालं नाही. पाणी वेगळं, वारा वेगळा. तुझ्यासाठी त्या डच बोटीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. तीन वर्षांनी पॅरिसला त्यांनी पुन्हा सुवर्ण घेतलं तेव्हा चारांपैकी दोन माणसं नवी होती. नव्या दोघांनी जुन्या दोघांचा ठेका उचलला. आपला सुखमीतसुद्धा हांगझौच्या आशियाई खेळांत परत क्वाडमध्ये होता, सोबत सतनाम, परमिंदर आणि जाकर खान. तिथे कांस्य आलं. पालेमबांगचे तिघे नव्हते, पण तो होता. अशी माणसं सगळ्यांना हवी असतात. तू तसा हो.

उरलेल्या तिघांतल्या कुणाला मराठी येत नसेल. त्यांच्या घरी कोण आहे, काय पिकतं, जेवायला काय लागतं, विचार. आपली भाकरी खाऊ घाल. बोटीत बोलायला वेळ नसतो, ते सगळं काठावर बोलून ठेवावं लागतं.

आणि सिंगलची बोट कुठे पळून जात नाही. स्पर्धा आटोपून ये, या पावसात नाथसागर बऱ्यापैकी भरलाय. पहाटे आपण दोघं उतरू.

शनिवारी तुझा मामा पुण्याला येतोय. त्याच्यापाशी तुझ्या आईने केलेली शेंगदाण्याची चटणी आणि माझा दहा-अकराचा पाना देतोय. हुसेनसागरावर मी रिगर आवळले होते तो हाच. वापर आणि बोटीच्या पेटीतच ठेव, चौघांनाही लागेल.

तुझा,
आप्पा